एक्झॉस्ट फॅन बसला, एन-९५ मास्क मिळाले. तरी प्रयोगशाळेत डोळे का चुरचुरतात?

प्रश्न एका ताईंचा आहे. तालुक्याच्या गावातल्या विज्ञान महाविद्यालयात त्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. प्रॅक्टिकलच्या दिवशी डोळे चुरचुरतात, दुपारनंतर डोकं धरतं, घसा कोरडा पडतो. रविवारी मात्र काहीच होत नाही. प्रयोगशाळेत एक फ्यूम हूड आहे, म्हणजे समोर वर-खाली सरकणारी काच असलेलं, आतली वाफ ओढून बाहेर टाकणारं कपाट. पण त्यात बाटल्या रचून ठेवल्यात. तक्रार केल्यावर खिडकीत नवा एक्झॉस्ट फॅन बसला आणि एन-९५ मास्कचा एक खोका मिळाला. एवढं पुरेसं आहे का, आणि नसेल तर नेमकं काय मागायचं, असं त्या विचारतात.

ताई, पुरेसं नाही. एन-९५ मास्क कणांसाठी असतो: धूळ, तुषार, जंतू. अमोनिया, ब्रोमीन, क्लोरोफॉर्म यांची वाफ म्हणजे सुटे रेणू, ते हवेबरोबर त्या मास्कमधून सरळ आत येतात. खोका परत करू नका, बारीक पावडर तोलताना तो कामाला येईल. पण वाफेसाठी तो घातला तर एकच फरक पडतो: संरक्षण आहे असं वाटून माणूस बाटलीवर जरा जास्त वेळ वाकतो.

एक्झॉस्ट फॅन वाईट नाही, पण तो कुठे बसलाय यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक कॉलेजांत टेबल खोलीच्या मधे, पंखा वर खिडकीच्या झडपेत, आणि काम करणारी व्यक्ती या दोघांच्या मधे उभी. म्हणजे पंखा ती वाफ तिच्या नाकावरूनच ओढून नेतो. प्रयोगशाळा बघायला गेलो की मी पहिल्यांदा हेच बघतो: वाफ जिथे निघते तिथून बाहेर पडेपर्यंत ती कोणाच्या श्वासातून जाते? या एका प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं की काय बदलायचं ते आपोआप कळत जातं, आणि त्यातलं बरंचसं फुकट असतं.

तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे रविवार. सुट्टीला त्रास थांबतो आणि सोमवारी परत येतो, हा कामाशी संबंध असल्याचा मोठा पुरावा आहे, कुठलाही व्यवसाय-आरोग्याचा डॉक्टर तो आधी विचारेल. एक साधी वही घाला. तारीख, कुठल्या वर्गाची बॅच, कोणतं प्रॅक्टिकल, आदल्या तासाला तुम्ही काय बनवलंत किंवा धुतलंत, आणि त्रास किती वाजता सुरू झाला. दोन-तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. बऱ्याचदा असं दिसतं की त्रास प्रॅक्टिकल चालू असताना नसतोच. तो सकाळी ॲसिड डायल्यूट करताना किंवा संध्याकाळी उरलेले बीकर रिकामे करताना होतो, जेव्हा खोलीत तुमच्याशिवाय कोणी नसतं.

याबद्दल मला खरंच तळमळीने सांगायचंय. विद्यार्थी आठवड्यातले काही तास येतो आणि तीन वर्षांत निघून जातो. शिक्षक टेबलांमधून फिरतात. परिचर मात्र अडीच लिटरची बाटली उघडतो, त्यातून शंभर छोट्या बाटल्या भरतो, सांडलेलं पुसतो, आणि हे सगळं नोकरीभर करतो. सर्वांत जास्त वाफ त्याच्या वाट्याला येते, आणि हूड कुठे बसवायचा, कुठलं प्रॅक्टिकल ठेवायचं, हे ठरवताना त्याला कोणी विचारत नाही.

आता वासाविषयी, कारण 'वास येत नाही ना, मग काही नाही' हा समज फार घातक आहे. हायड्रोजन सल्फाइड घ्या. सडक्या अंड्याचा तो वास हवेत ०.०१ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आसपास असतानाच नाकाला कळतो. पण १०० पीपीएमच्या सुमाराला नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यासाठी असलेल्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने जिवाला तत्काळ धोका म्हणून ठरवलेली पातळीही १०० पीपीएमच आहे. म्हणजे ज्या क्षणी 'गेला वाटतं गॅस' असं मनात येतं, तोच पळायचा क्षण. क्लोरोफॉर्मचं उलट आहे, त्याचा वास उशिरा कळतो. तुमची स्टोअररूम ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरू, म्हणजे ३६ घनमीटर. तिथे फक्त ३ मिलिलिटर क्लोरोफॉर्म सांडून पूर्ण उडालं, तर हवेत सुमारे २५ पीपीएम होतं. आठ तासांच्या सरासरीसाठी सर्वसाधारण मान्य मर्यादा १० पीपीएम. आणि सामान्य माणसाला त्याचा वास यायला साधारण ८५ पीपीएमच्या आसपास लागतं. अर्धा चमचा द्रव, मर्यादेच्या अडीचपट वाफ, आणि नाकाला पत्ता नाही. अमोनिया त्या मानाने आधी सांगून येतो: ५ पीपीएमला वास, २५ पीपीएमला मर्यादा. पण दिवसभर त्यात वावरलं की त्याचीही नाकाला सवय होते.

मग सुरुवात कुठून? हूडच्या आधी, वाफ निघण्याच्या जागेपासून. वाफ निघालीच नाही तर ती ओढायला नको.

बी.एस्सी.च्या अकार्बनी पृथक्करणात हायड्रोजन सल्फाइड बनवणारं किपचं उपकरण अजून पुष्कळ ठिकाणी भर वर्गात उभं असतं. आयर्न सल्फाइडवर ॲसिड, आणि दुसऱ्या गटाच्या धातूंसाठी प्रत्येक विद्यार्थी येऊन मिनिटभर गॅस सोडतो. वीस-पंचवीस जणांनी तसं केलं की तिथल्या हवेचं काय होतं ते तुम्ही रोज भोगता. किप हूडच्या आतच राहिलं पाहिजे, एवढी मागणी तर आजच करता येईल. त्याहून चांगला उपाय म्हणजे शिक्षकांनी हूडमध्ये एकदाच गॅस पाण्यात सोडून संपृक्त द्रावण करून घ्यायचं, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवायचं, आणि विद्यार्थ्याने लहान परीक्षानळीत काही थेंब वापरायचे. सेमी-मायक्रो पद्धत हीच, नवी नाही. द्रावणातच हायड्रोजन सल्फाइड देणारं थायोअ‍ॅसिटामाइड वापरलं की गॅसची गरज बरीच कमी होते, पण ते स्वतः कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत आहे, त्यामुळे 'आता मोकळं' असं समजून ते उघड्या हाताने हाताळू नका. आणि किप धुताना फार जपा. तळाशी उरलेलं आयर्न सल्फाइड आणि ॲसिड गॅस देतच राहतात. ते बेसिनमध्ये ओतायचं नाही, हूडमध्येच वेगळं करायचं.

ब्रोमीनचं तसंच. अ‍ॅसिटअ‍ॅनिलाइडचं ब्रोमिनेशन द्रव ब्रोमीन न वापरता पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेटने करता येतं, आणि ही पद्धत केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने हरित रसायनशास्त्राच्या प्रयोगांमध्ये दिलेली आहे. म्हणजे विभागप्रमुखांना सांगताना 'सरकारी कागदात आहे' असं म्हणता येतं, त्याला वजन असतं. ब्रोमीन वॉटरसाठी बाटली उघडावीच लागली तर आधी अर्धा तास बर्फात ठेवा. ब्रोमीन ५९ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ हवेच्या साडेपाचपट जड असते. गरम बाटलीचं झाकण सैल केलं की तांबूस वाफ कडेवरून खाली ओघळते आणि टेबलावर पसरते. हूडच्या आत, काच खाली ओढून, शेजारी ५ ते १० टक्के सोडियम थायोसल्फेटचा मोठा बीकर तयार ठेवून मगच झाकणाला हात लावायचा. थेंब सांडला की लगेच त्यावर ते ओतायचं. ड्रॉपरही धुण्याआधी त्याच बीकरमध्ये बुडवायचा.

नायट्रेटच्या कॉपर टर्निंग टेस्टला तपकिरी धूर निघतो आणि सगळी बॅच तो एकाच वेळी काढते. ब्राऊन रिंग टेस्ट थोड्या द्रावणात होते, धूर फारच कमी. ज्यांनी वेळापत्रक ठरवायचं त्यांनी निदान धुराची टेस्ट आळीपाळीने हूडमध्ये करायला लावावी. क्रोमिक ॲसिडने काचसामान धुणं मात्र बंदच व्हायला हवं, याबाबत मी तडजोड करत नाही. त्यातलं सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि भांड्यात क्लोराइड उरलेलं असेल तर क्रोमिल क्लोराइडची लालसर वाफ निघते. प्रयोगशाळेसाठीचे साबण मिळतात, रात्रभर भिजवलं की बहुतेक भांडी निघतात.

प्रत्येक टेबलावर संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि लायकर अमोनिया (अमोनियाचं संहत द्रावण) शेजारी शेजारी असेल, तर बाटल्यांच्या मानेवर पांढुरका थर दिसेल. बोटाने पुसला तर पुन्हा आठवड्यात येतो. तो अमोनियम क्लोराइड. बुचं लावलेली असतानाही दोन्ही बाटल्यांतून वाफ बाहेर येऊन एकमेकींना भेटते आहे, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. टेबलावर फक्त डायल्यूट ठेवा. संहत बाटल्या हूडमध्ये, लागेल तसं थेंबांनी.

आता हूड. आधी तो रिकामा करा. हूडच्या मागच्या भिंतीला खाली आणि वर फटी असतात, हवा तिथून ओढली जाते. तुमच्या बाटल्यांची रांग खालच्या फटीसमोर असणार, म्हणजे हूड चालू असून तो वरच्या भागातून नुसता गरगर आवाज करतोय. शिवाय रात्री हूडची हवा ओढणारा ब्लोअर बंद झाला की त्या बाटल्यांची वाफ खोलीत येते आणि सकाळी दार उघडणाऱ्याला भेटते, म्हणजे तुम्हालाच.

मग तो ओढतो का ते तपासा. यंत्र नसलं तरी चालतं. खोलीत ईथर, ॲसिटोन, अल्कोहोल काही उघडं नाही, बर्नर बंद आहेत, याची खात्री करून एक उदबत्ती पेटवा. हूडची काच साधारण ४५ सेंटिमीटर उघडी ठेवा. उदबत्ती आधी काचेपासून हातभर आत धरा: धूर सरळ मागच्या फटीकडे जायला हवा. आता ती हळूहळू तोंडाशी आणा आणि खालच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे फिरवा. दोन्ही कोपऱ्यांत जरा थांबा. धूर वाकून आत जात असेल तर ठीक. तो कडेवर घुटमळला, गोल फिरला किंवा तुमच्याकडे आला, तर ब्रोमीनही तेच करणार. यानंतर सहकाऱ्याला नेहमीच्या चालीने हूडसमोरून जायला सांगा. भरभर चालणारा माणूस सेकंदाला मीटरपेक्षा जास्त वेगाने जातो, हूडमध्ये हवा शिरते ती जेमतेम अर्ध्या मीटरने; माणूस गेला की त्याच्यामागे धूर बाहेर खेचलेला दिसेल. शेवटी छताचा पंखा लावा. इथे बहुतेकांचे डोळे उघडतात. पंख्याखालचा हूड म्हणजे जवळजवळ नसलेला हूड. पंख्याचा झोत काचेवर आदळून धूर सरळ खोलीत आणतो. हूडजवळचा पंखा काढून टाका किंवा त्याचं बटण सीलबंद करा. उन्हाळ्यात हे नको वाटतं, कळतं मला, पण पंखा दोन टेबलं पलीकडचा लावा.

मोजमाप हवंच असेल तर अ‍ॅनिमोमीटरने काचेच्या उघड्या तोंडाचे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकात हवेचा वेग घ्यायचा. सरासरी ०.४ ते ०.६ मीटर प्रति सेकंद असावी आणि कुठलाही एक चौकोन फार मागे नसावा. जास्त ओढ म्हणजे जास्त सुरक्षा असंही नाही. वेग फार वाढला की तोंडाशी भोवरे तयार होतात. एक भोवरा तर तुम्ही उभे राहिलात की कायमच असतो. आत जाणारी हवा तुमच्या शरीराला वळसा घालते, त्यामुळे छातीसमोर एक पोकळी राहते आणि तोंडाजवळ ठेवलेल्या बीकरची वाफ तिथे उलटी येते. म्हणूनच सगळं काम काचेच्या रेषेपासून किमान १५ सेंटिमीटर आत. हूडच्या तळावर लाल इन्सुलेशन टेपची पट्टी मारून टाका. सूचना लिहिलेल्या फलकापेक्षा ती पट्टी जास्त पाळली जाते. डोकं कधीच आत घालायचं नाही. काचेची खालची कड नाकाच्या खाली असायला हवी, म्हणजे काही उडालं तरी ती आडवी येते.

उदबत्तीची परीक्षा नापास झाली तर दोष बहुतेक वेळा ब्लोअर किंवा डक्टमध्ये, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळात, निघतो. काही ठिकाणी हूडच्या मागे भिंतीत साधा पाती असलेला पंखा बसवतात. तो मोकळ्या खिडकीत हवा फेकतो, पण डक्टचा रोध आला की दम तोडतो. इथे सेंट्रिफ्युगल ब्लोअर लागतो, आणि तो छतावर हवा. ब्लोअर छतावर असला की इमारतीतला सगळा डक्ट ओढीखाली असतो. कुठे भोक पडलं तरी हवा आत शिरते. ब्लोअर हूडच्या डोक्यावर बसवला तर पुढचा डक्ट दाबाखाली येतो आणि सांधा सैल झाला की विषारी हवा वरच्या मजल्याच्या वर्गात.

छतावर गेलात की चिमणीकडे बघा. आपल्याकडे पाऊस आत येऊ नये म्हणून तिच्यावर 'चिनी टोपी', म्हणजे शंकूसारखं पत्र्याचं झाकण, घालतात. ती टोपी वाफ खाली ढकलते आणि ती खिडकीवाटे परत इमारतीत येते. चिमणी छताच्या वर किमान ३ मीटर, तोंड सरळ आकाशाकडे उघडं, आणि हवा १५ मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर, असा चांगल्या रचनेचा संकेत आहे. पावसाचे मोठे थेंबही सेकंदाला नऊ-दहा मीटरने पडतात, त्यामुळे ब्लोअर चालू असताना पाणी आत येत नाही. बंद असताना येतं, म्हणून ब्लोअरच्या कवचाला तळाशी पाणी निघायला भोक ठेवायचं. महाबळेश्वर-कोकणाकडे मला यावर हमखास वाद घालावा लागतो, पण टोपी काढून भोक पाडलेले ब्लोअर तिथले पावसाळेही नीट काढतात. डक्ट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा असेल तर ॲसिडच्या वाफेने आणि दमट हवेने तो आतून कुजतो आणि बाहेरून रंगवलेला छान दिसतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा एफआरपीचा (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा) मागा. आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कोणाला तरी वर पाठवा. पट्टा सैल झालेला असतो, चिमणीत पारव्यांनी घरटं केलेलं असतं, आणि खाली हूडचा आवाज मात्र नेहमीसारखाच येतो.

एक गोष्ट कंत्राटदारही विसरतात. १.२ मीटर रुंदीचा हूड ४५ सेंटिमीटर उघडा ठेवून अर्ध्या मीटरच्या वेगाने चालला, तर तो तासाला जवळजवळ १,००० घनमीटर हवा बाहेर टाकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. एसीसाठी सगळ्या फटी बुजवलेल्या खोलीत दार उघडायला जड जातं आणि हूड उपाशी राहतो. हूडच्या समोरच्या, लांबच्या भिंतीतली खिडकी उघडी ठेवा. हूडशेजारची नको, तिचा झोत आडवा येतो. नवा एक्झॉस्ट फॅनही हूडशी स्पर्धा करत असेल, उदबत्तीनेच कळेल. तो पंखा मी स्टोअररूमला हलवीन.

डक्ट न लागणारे, कार्बन फिल्टरचे हूड विकायला बरेच लोक येतात. स्वस्त पडतात, भिंत फोडावी लागत नाही. ठरलेल्या एक-दोन द्रावकांच्या थोड्या कामाला ते चालतात. पण कार्बन भरला की वाफ सरळ खोलीत परत येते, आणि तो कधी भरला हे बाहेरून दिसत नाही. दर तासाला वेगळं रसायन उघडणाऱ्या कॉलेजसाठी ते घेऊ नका.

स्टोअररूमबद्दल, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्यांसाठी. ईथर ३४.६ अंशांना उकळतं, डायक्लोरोमिथेन ३९.६ ला. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात बंद खोलीचं तापमान याच्या वर जातं, म्हणजे बाटलीतला द्रव उकळायच्या बेतात असतो. लायकर अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो आणि बूच उघडताच फवारा उडतो. उघडण्याआधी बर्फात थंड करा, तोंड आपल्यापासून दूर, हूडमध्ये. वर्षभराचा साठा जूनमध्ये एकदम घेण्यापेक्षा लहान बाटल्या सत्रागणिक घ्या. ॲसिड आणि अमोनिया वेगळ्या कपाटांत, आणि खोलीला सतत चालणारा पंखा, तळापासून हवा घेणारा, कारण दाट वाफ आधी जमिनीलगत पसरते.

बेसिनही दुर्लक्षित राहतं. एकाने सल्फाइड ओतलं, दुसऱ्याने ॲसिड, दोन्ही खालच्या वाकड्या पाइपात भेटले की गॅस वर येतो. सफाईचं काम करणाऱ्या मावशींनी ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड एकत्र केलं तर क्लोरीन. त्यांनाही हे बसून सांगा. आणि सुट्टीनंतर न वापरलेल्या बेसिनमध्ये एकेक तांब्या पाणी ओता. त्या वाकड्या पाइपातलं पाणी आटलं की गटाराची हवा खोलीत येते.

खरा वाफेचा मास्क म्हणजे रबरी हाफ-फेस आणि त्याला स्क्रूने बसणारी, वाफ शोषणारी काडतुसं. युरोपीय रंगसंकेतात तपकिरी पट्टा सेंद्रिय वाफेला, करडा क्लोरीनसारख्या वायूंना, पिवळा आम्लवायूंना, हिरवा अमोनियाला. अमेरिकी काडतुसांचे रंग वेगळे असतात, तिथे सेंद्रिय वाफेला काळा, म्हणून रंगावर विसंबू नका, लेबल वाचा. दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही. उघडलेल्या काडतुसावर तारीख लिहा, काम झालं की बंद पिशवीत ठेवा. सांडलेलं थोडंसं आवरायला किंवा हूड दुरुस्तीत असताना तो हवा. रोज तोच घालून काम करावं लागत असेल तर प्रयोगशाळा बिघडलेली आहे. हायड्रोजन सल्फाइड किती साठलाय ठाऊक नसलेल्या खोलीत तो घालून शिरू नका.

हातमोज्यांबद्दल अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांची हकीकत प्रत्येक प्रयोगशाळेत माहीत असायला हवी. ऑगस्ट १९९६ मध्ये हूडमध्ये काम करताना डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर पडले. ते मोज्यातून त्वचेत गेले, आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. हूड श्वास वाचवतो, त्वचा नाही. आपल्याकडे तो पदार्थ नसतो, पण डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म पातळ नायट्राइल मोज्यातून काही मिनिटांत आत येतं. थेंब पडला की मोजा लगेच काढायचा.

अपघाताचं थोडक्यात. नायट्रिकचा तपकिरी धूर श्वासात गेला आणि तासाभरात बरं वाटलं तरी घरी एकटं जाऊ नका; फुप्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागू शकतात. निदान २४ तास देखरेखीखाली, आणि डॉक्टरांना वायूचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. डोळ्यात गेलं तर वाहतं पाणी पूर्ण १५ मिनिटं. गॅसमध्ये कोणी कोसळलं असेल तर मागोमाग आत धावू नका. दारं उघडा, बर्नर बंद करा, अग्निशमन दलाला बोलवा.

आता मागायचं कोणाकडे. कारखाना कायदा १९४८च्या कलम १४ मध्ये धूळ आणि वाफा कामगाराच्या श्वासात जाऊ नयेत यासाठी व्यवस्था करणं बंधनकारक होतं. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं, आणि कलम ४१-एफ व दुसऱ्या अनुसूचीत रसायनवार मर्यादा आल्या. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे दाद मागावी. कॉलेज हा कारखाना नाही, पण फुप्फुसं तीच आहेत. त्या मर्यादा मोजपट्टी म्हणून पत्रात लिहायला काही हरकत नाही. रसायन प्रयोगशाळांच्या सुरक्षेसाठी आयएस ४२०९ हे भारतीय मानकही आहे. महाराष्ट्राच्या २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे तुमच्या महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आहे आणि तिच्यात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी बसतो. विषय त्यांच्यामार्फत अजेंड्यावर घ्या. पत्रात 'त्रास होतो' एवढंच नको. हूड रिकामा करणे, त्याजवळचा छताचा पंखा बंद करणे, किप हूडमध्ये नेणे, क्रोमिक ॲसिड थांबवणे: हे चार आठ दिवसांत, बिनखर्चाचे. ब्लोअर-डक्टची तपासणी आणि वेग मोजल्याचा अहवाल: या सत्रात. डक्ट बदलणं: पुढच्या अंदाजपत्रकात. अशा क्रमाने लिहिलं की नाही म्हणणाऱ्यालाही चारांतल्या तीन गोष्टींना हो म्हणावं लागतं. पत्र आवक क्रमांक घेऊनच द्या.

आणि स्वतःची तपासणी करून घ्या. छातीच्या डॉक्टरांकडे फुप्फुसांची फुंकण्याची चाचणी, म्हणजे पीएफटी, एकदा आत्ता करा. पुढे कधी शंका आली तर तुलनेला तो कागद लागतो. डॉक्टरांना 'कॉलेजात नोकरी' असं सांगू नका, रसायनांची नावं सांगा, नाहीतर ॲलर्जीच्या गोळ्यांवर बोळवण होते. पूर्वीचा दमा असेल तर ब्रोमीन आणि आम्लवायूंचं काम तुमच्याकडे नकोच. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर विभागप्रमुखांना लवकर सांगून द्रावक आणि फॉर्मालिनच्या कामातून बाजूला व्हा. सुरुवातीचे आठवडे सर्वांत नाजूक असतात, तेव्हा कोणाला कळेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.